सहाजणांची आणि चाळीसजणांची एकच खोली

सकाळी सहाला अभ्यासिकेत सहाजण असतात, संध्याकाळी सातला चाळीस. खोली तीच, खिडक्या त्याच, पंखे तेच. सांगलीत काय आणि साताऱ्यात काय, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका बहुतेक अशाच उभ्या राहतात: एखादा हॉल भाड्याने घ्यायचा, टेबलांच्या रांगा लावायच्या, मधे प्लायचे आडोसे घालायचे आणि दाराजवळ एक मोठा स्विचबोर्ड बसवायचा. दिवसभरात माणसं सहापट-सातपट होतात, पण खोलीला त्याचा पत्ता नसतो. सगळ्यांसाठी एकच पंखा, एकच उजेड, एकच कोंदटपणा.

वापरणाऱ्या माणसांप्रमाणे बदलणारी इमारत म्हटलं की डोळ्यांसमोर परदेशातल्या चकचकीत भिंती येतात. ही कल्पना निकोलस निग्रोपाँटे यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत १९७० च्या आसपास मांडली. इमारतीत संगणक असावा आणि तिने माणसाला ओळखून स्वतःला बदलावं, असा तो विचार होता. इथे मात्र तीच गोष्ट एका ६०० चौरस फुटांच्या अभ्यासिकेत कशी आणायची, काय लागतं आणि कुठे फसतं, एवढंच लिहितो.

आधी आकडे. हॉल ३० फूट लांब, २० फूट रुंद, ११ फूट उंच धरू. म्हणजे ६,६०० घनफूट, मीटरमध्ये १८७ घनमीटर हवा. शांत बसून वाचणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत ४२० भाग, म्हणजे ४२० पीपीएम. दारं-खिडक्या पूर्ण बंद असतील तर सहाजणांच्या श्वासाने हा आकडा १००० वर, म्हणजे कोंदटपणाची हद्द धरतात तिथे, जायला एक तास लागतो. चाळीसजणांना नऊ मिनिटं पुरतात. १००० च्या आत राहायचं तर सहाजणांना तासाला साधारण १८५ घनमीटर ताजी हवा हवी, चाळीसजणांना १,२४०. उष्णतेचं गणितही तसंच. बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट बाहेर पडतात, म्हणजे भरलेल्या खोलीत चार हजार वॅट. दोन गीझर सतत चालू ठेवल्यासारखं हे आहे.

यातली एक बाब नीट लक्षात घेतली की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. उकाडा, डोळ्यांवर येणारं ऊन, अंगावर येणारा वारा या गोष्टी माणसाला लगेच कळतात. कोंदटपणा कळत नाही, कारण तो हळूहळू चढतो आणि नाक त्याला सरावतं. बाहेरून आत येणाऱ्याला वास येतो, आत तीन तास बसलेल्याला येत नाही. त्याला फक्त झोप येते, आणि तो चहाला उठतो. म्हणून माझा नियम असा: जे शरीराला कळतं ते बदलायची सोय त्या माणसाच्या हाताशी द्या, आणि जे कळत नाही तिथेच सेन्सर लावा. हा क्रम उलटा केला की पैसा जातो आणि खोली माणसांना छळू लागते.

हाताने बदलणारी खोली आपल्याला नवीन नाही. जुन्या वाड्यांत चार फळ्यांची खिडकी असते, दोन फळ्या वर आणि दोन खाली. खालच्या लावून वरच्या उघडल्या की आडोसा राहतो आणि गरम हवा वरून निघून जाते. थंडीत उलट करायचं, खालच्या उघडून जमिनीवर ऊन घ्यायचं. पेठेतल्या जुन्या दुकानांच्या फळ्या बघा. खाचेत सरकवलेल्या, प्रत्येकीवर क्रमांक घातलेला. गिऱ्हाईक कमी असेल तर दोनच फळ्या काढायच्या, सणाला सगळ्या. नेदरलँड्समध्ये उट्रेख्त गावी १९२४ साली खेरित रीटफेल्ड यांनी श्रोडरबाईंसाठी बांधलेलं घर याच जातीचं आहे. वरचा मजला दिवसा एक मोठी खोली, रात्री सरकत्या भिंती ओढल्या की मुलांच्या आणि आईच्या वेगळ्या खोल्या. त्या भिंती हातानेच सरकवायच्या. याउलट पॅरिसमधल्या अरब जगत संस्थेची इमारत, जाँ नुवेल यांची, १९८७ ची. तिच्या दक्षिण भिंतीवर २४० चौकटींत कॅमेऱ्याच्या भिंगासारख्या उघडझाप करणाऱ्या धातूच्या झडपा आहेत, उजेडाप्रमाणे आपोआप हलणाऱ्या. दिसायला ती भिंत अप्रतिम आहे. पण इतके बारीक हलते भाग असले की अडकतातच, आणि तिथेही कित्येक झडपा वर्षानुवर्षं अडकून राहिल्या. हाताने हलवता येत नाहीत, त्यामुळे यंत्र थांबलं की भिंतही थांबते.

हवा: आधी झरोके, मग पंखा

चाळीसजणांची हवा बिनपंख्याची काढायची असेल तर एक खालचं तोंड आणि एक वरचं तोंड लागतं. गरम हवा वर जाते, वरून निघते, आणि तिच्या जागी खालून बाहेरची येते. दोन्ही तोंडांत उभं अंतर ८ फूट असेल आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा ३ अंशांनी गरम असेल, तर १,२०० घनमीटरसाठी खाली साधारण १२-१३ चौरस फूट आणि वर तेवढीच मोकळी जागा हवी. वर म्हणजे छताखाली अडीच फूट बाय एक फुटाचे पाच झरोके. हा आकडा जाळीशिवायचा आहे. डासांची जाळी लावली की वाट जवळपास निम्मी अडते, म्हणून झरोके आठ-नऊ करा किंवा जाळी झरोक्याच्या तोंडावर सपाट न लावता बाहेर पेटीसारखी काढा, म्हणजे जाळीचं क्षेत्र वाढतं. जाळी वर्षातून चारदा धुवायला खाली काढता आली पाहिजे. ऊसपट्ट्यात गळीत हंगामात काजळी उडते, तेव्हा महिन्यातून एकदा.

एप्रिलच्या दुपारी आत-बाहेर फरक उरत नाही, तेव्हा हे झरोके एकटे पुरणार नाहीत. त्या वेळेसाठी एक्झॉस्ट फॅन. फॅनच्या खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, झडप आणि भिंतीचं भोक धरून तो खाली येतो. म्हणून १,२४० ची गरज असेल तर एकूण १,८५० च्या आसपास क्षमता घ्या, आणि एक मोठा घेण्याऐवजी दोन लहान घ्या. वीसजणांपर्यंत एक चालतो, खोली भरली की दोन. आवाजही सांभाळला जातो. दोन्ही फॅन खिडक्यांच्या समोरच्या भिंतीत हवेत. खिडकीशेजारी लावलेला फॅन त्या खिडकीतलीच हवा ओढून बाहेर टाकतो आणि खोलीचं मागचं टोक तसंच कोंदट राहतं. ही चूक फार ठिकाणी दिसते.

झरोक्याची झडप कशी लटकवायची हे दिशेवर ठरतं. साताऱ्याला पाऊस पश्चिमेकडून सपकारे मारत येतो, तिथे पश्चिम आणि नैऋत्य भिंतींत बिजागरी वरच्या कडेला हवी आणि झडप बाहेर उघडायला हवी. उघडी असतानाही ती छपरासारखं काम करते. बाकीच्या भिंतींत मधल्या खिळीवर फिरणारी झडप चालते. खिळ बरोबर मध्यावर न घेता इंचभर वर घ्या, म्हणजे खालची बाजू जड राहते आणि दोरी सोडली की झडप आपली आपण बंद होते. दोरी नायलॉनची नको, ताणली जाऊन लांब होते. प्लास्टिकचं आवरण असलेली २-३ मिलिमीटरची पोलादी तार आणि पितळी कप्पी घ्या. पाचही झरोके एकाच लांब पाइपला जोडण्याचा मोह होतो. करू नका. ३० फुटांत चौकटी एका ओळंब्यात बसत नाहीत, पाइप कुठेतरी घासतो आणि मग सगळेच अडतात. दोन आणि तीन असे गट करा.

आणखी एक. झडपा एप्रिलात बसवल्या आणि सुताराने कौतुकाने मिलिमीटरभर फट ठेवली, की जुलैत लाकूड फुगून त्या चौकटीत रुतल्याच. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर सोडा. प्लाय असेल तर कापलेल्या कडांना आधी प्रायमर पाजा, मग रंग.

सेन्सर: वाचणारा माणूस हलत नाही

बाजारात सगळ्यात स्वस्त मिळतो तो पीआयआर सेन्सर, जिन्यातला दिवा लावणारा. तो अंगाची उष्णता बघतो खरा, पण ती हलली तरच. त्याच्या पांढऱ्या भिंगाचे कप्पे असतात आणि माणूस एका कप्प्यातून दुसऱ्यात गेला की त्याला कळतं. अभ्यासिकेत माणूस पाऊण तास मान खाली घालून बसतो. पीआयआर समजतो खोली रिकामी आहे, आणि दिवे घालवतो. मग मुलं दर दहा मिनिटांनी हात हलवतात. खोलीने माणसाकडे बघायचं, तर इथे माणूस खोलीला सांभाळत बसतो. पीआयआर जिन्यात, संडासात आणि चपलांच्या जागेत लावा, वाचायच्या खोलीत नको.

तिथे २४ गिगाहर्ट्झचा लहान रडार सेन्सर चालतो, एलडी२४१० जातीचा. श्वासाने छाती हलते तेवढीही हालचाल तो पाच मीटरपर्यंत पकडतो. त्याचे दोष वेगळे आहेत. एक, त्याला छताचा पंखा माणूस वाटतो. म्हणून तो छताला न लावता भिंतीवर साडेपाच-सहा फुटांवर लावा आणि पात्यांकडे तोंड करू नका. दोन, प्लाय आणि जिप्समच्या आडोशातून तो पलीकडचं बघतो, त्यामुळे शेजारच्या खोलीतल्या माणसासाठी इथले दिवे जळत राहतात. त्यात पाऊण-पाऊण मीटरचे टप्पे असतात, प्रत्येक टप्प्याची तीक्ष्णता वेगळी लावता येते. आडोशापलीकडचे टप्पे बंद करा. तीन, माणूस आहे की नाही एवढंच तो सांगतो, किती आहेत ते नाही.

किती आहेत हे मोजायला दारात दोन किरण लावायची पद्धत आहे: पहिला आधी तुटला तर माणूस आत आला, दुसरा आधी तुटला तर बाहेर गेला. दोघं एकदम आले की एकच मोजला जातो, आणि संध्याकाळपर्यंत हिशेब पाच-सातने चुकतो. मला तरी त्याची गरज वाटत नाही. कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर आपोआप माणसंच मोजतो, आणि खोलीने खरं तर त्याच आकड्याप्रमाणे बदलायचं आहे.

हा सेन्सर एनडीआयआर किंवा फोटोअकूस्टिक जातीचा, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने खुद्द कार्बन डायऑक्साइड मोजणारा, घ्या. 'हवेचा दर्जा' म्हणून मिळणारे स्वस्त मॉड्यूल वेगळेच वायू मोजून त्यावरून कार्बन डायऑक्साइडचा अंदाज सांगतात. कुणी अत्तर लावून आलं तरी आकडा उसळतो. जागा: भिंतीवर चार-साडेचार फुटांवर, खिडकी आणि दारापासून पाच-सहा फूट दूर, आणि कुणाच्या तोंडासमोर येणार नाही अशी. ३० फुटांच्या हॉलला दोन हवेत.

इथे एक छुपा खड्डा आहे, आणि तो चोवीस तास चालणाऱ्या अभ्यासिकांनाच लागतो. या सेन्सरांत स्वतःला दुरुस्त करून घ्यायची सोय असते. गेल्या एका दिवसात किंवा आठवड्यात दिसलेला सगळ्यात कमी आकडा म्हणजेच बाहेरची स्वच्छ हवा, असं ते गृहीत धरतात आणि त्याला ४०० मानतात. कार्यालय रात्री रिकामं होतं, तिथे हे बरोबर ठरतं. पण तुमच्याकडे रात्रभर दहाजण खिडक्या लावून बसले असतील, तर खोलीतली सगळ्यात कमी पातळी ७०० असू शकते, आणि सेन्सर त्यालाच ४०० समजू लागतो. मग खरे १,३०० असताना तो १,००० दाखवतो. उपाय साधा: ती सोय बंद करा आणि महिन्यातून एकदा सेन्सर गच्चीवर अर्धा तास ठेवून हाताने जुळवा.

आता नियम. ८०० च्या वर गेलं की झरोके अर्धे, १००० ला पूर्ण आणि एक फॅन, १२०० ला दुसरा. बंद करताना मात्र याच आकड्यांवर नको. १००० ला चालू आणि १००० ला बंद असं ठेवलं तर फॅन दर मिनिटाला चालू-बंद होईल. बंद करायला ७०० ठेवा, आणि एकदा चालू झालेला फॅन किमान दहा मिनिटं चालू राहू द्या. झडपांची हालचाल हळू असावी; सरकन उघडणाऱ्या झडपेच्या आवाजाने सगळी खोली मान वर करते.

आणि या सगळ्याच्या आधी एक स्वस्त पायरी आहे, तिथेच थांबलात तरी चालेल. मोटर काही नाही. सेन्सरला फक्त एक तीन रंगांचा दिवा जोडा, हिरवा, पिवळा, लाल, आणि तो झरोक्याच्या दोरीशेजारी लावा. पिवळा झाला की जो जवळ बसलाय तो दोरी ओढतो. जे नाकाला कळत नव्हतं ते डोळ्यांना कळलं, एवढंच यंत्राचं काम. साताऱ्याच्या डिसेंबरात रात्री सगळं लावून घेतात, तेव्हा हा दिवा फार उपयोगी पडतो. बाहेर १२-१३ अंश असताना मोटरने आपोआप झरोके उघडले तर मुलं दुसऱ्या दिवशी तिची वायरच काढून ठेवतील. दिवा असेल तर पाच मिनिटं उघडून परत लावतात, आणि तेवढं पुरतंही.

मोटर लावायचीच असेल तर १२ व्होल्टची सरळ सरकणारी, १५० मिलिमीटर चालीची, इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून नव्हे, वेगळ्या १२ व्होल्ट बॅटरीवरून. भार आला की ती तीनेक अँपिअर ओढते. ३० फूट लांब अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीतून तेवढे अँपिअर नेले तर जाऊन-येऊन जवळपास दोन व्होल्ट वाटेतच जातात, मोटर कण्हत चालते आणि लोक कंपनीला दोष देतात. अडीच चौरस मिलिमीटरची वायर टाका. प्रत्येक मोटरला वेगळा फ्यूज द्या, झडप रुतली तर फ्यूज जावा, मोटर नाही. आणि मोटर व झडप यांच्यामधली पिन हाताने उपसता आली पाहिजे. वीज गेली, मोटर चालवणारं कार्ड जळलं, मिस्त्री दोन दिवस आला नाही, तरी पिन काढून दोरीने झरोका उघडता यावा. ती पिन नसेल तर मी ते काम पास करणार नाही.

पंखे आणि उजेड

इथे सेन्सर कमीत कमी. १०० चौरस फुटांना एक म्हणजे सहा पंखे, आणि प्रत्येकाचा रेग्युलेटर दाराजवळ न ठेवता त्या पंख्याखालच्या सहा-सात खुर्च्यांच्या हाताशी. एवढ्या एका बदलाने निम्मी भांडणं मिटतात. जुना पंखा ७० ते ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या नव्या मोटरचा) तीसेक वॅट. बीएलडीसीला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर जोडू नका, त्याचं कार्ड जातं; रिमोट असेल तर तो साखळीने टेबलाला बांधा. रडारचं काम इतकंच की त्या पट्ट्यात पंधरा मिनिटं कुणीच नसेल तर पंखा आणि दिवा बंद करायचा. चालू करायचं काम माणसाचं.

एसी लावणाऱ्यांनी वर्षभर २४ अंश ठेवण्याआधी अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातून आलेलं भारतीय सूत्र बघावं. नैसर्गिक हवेच्या इमारतींत गेल्या ३० दिवसांच्या बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणायचं आणि १२.८३ मिळवायचे, म्हणजे आत माणसाला बरं वाटणारं तापमान येतं. सरासरी ३० असेल तर २९ अंश; थंडीत २१ असेल तर २४. दोन्ही बाजूंना सव्वादोन-अडीच अंशांची मुभा. माणूस ऋतूबरोबर बदलतो, फक्त पंखा आणि खिडकी त्याच्या हातात हवी.

दिव्यांच्या वायरिंगमध्ये एकच गोष्ट सांगतो, कारण ती नंतर दुरुस्त करायला भिंती फोडाव्या लागतात. दिव्यांच्या रांगा खिडकीच्या भिंतीला समांतर जोडा. आडव्या जोडल्या तर एक बटण दाबलं की खिडकीजवळचा आणि आतला दिवा दोन्ही लागतात, आणि भर दुपारी खिडकीतल्या मुलाच्या डोक्यावरही दिवा जळतो. टेबलाचा वेगळा दिवा उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंना बसवता येईल असा घ्या. डावखुऱ्यांच्या वहीवर हाताची सावली पडते हे कुणी विचारातच घेत नाही.

पश्चिमेचं ऊन

दक्षिणेच्या खिडकीला हलणारं काही लागत नाही. सांगली १६.८५ अक्षांशावर आहे. २१ मार्चला मध्यान्हीचा सूर्य ७३ अंशांवर, २१ डिसेंबरला जवळपास ५० अंशांवर असतो. चार फूट उंच खिडकीवर दीड फुटाचा छज्जा टाकला तर मार्चात पूर्ण सावली मिळते आणि डिसेंबरात खालचे सव्वादोन फूट ऊन आत येतं. छज्जा स्वतःच ऋतू ओळखतो. (मध्यान्ह म्हणजे घड्याळाचे बारा नव्हेत. आपल्याकडे ती सव्वाबारा ते पाऊणच्या दरम्यान होते. सावली तपासायची तर तेव्हा उभे राहा.)

पश्चिमेला छज्जा हरतो. एप्रिलात दुपारी चारला सूर्य ३९ अंशांवर असतो, साडेपाचला साडेसतरा. त्या वेळी चार फुटांची खिडकी झाकायला साडेबारा फुटांचा छज्जा लागेल. इथे उभ्या फिरत्या पट्ट्याच हव्यात: सहा इंच रुंद, पाच इंचांवर एक, म्हणजे बंद केल्यावर एकमेकींवर इंचभर चढतात. वर-खाली पितळी किंवा नायलॉनचा बुश, आणि सगळ्या पट्ट्या जोडणारी एक आडवी लोखंडी पट्टी आतून हाताने ओढता येईल अशी. पट्ट्या काचेच्या बाहेर लावायच्या. आत लावल्या तर ऊन काचेतून आधीच आत आलेलं असतं. इथे मोटर लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ऊन कुणाच्या वहीवर पडतंय हे तिथे बसलेल्यालाच कळतं, आणि ढग आला की पट्ट्या फिरवणारं यंत्र पावसाळ्यात दिवसभर फिरवतच बसतं.

सरकत्या भिंती

सकाळी सगळे शांत वाचतात, दुपारी चौघांना चर्चा करायची असते. त्यासाठी सरकते पडदे-भिंती. तीन फूट बाय साडेसात फुटांचा, १८ मिलिमीटर प्लायचा पल्ला नुसताच २५ किलो भरतो. चौकट आणि मायका धरून ३०-३२. ट्रॅक ६० किलोच्या रोलरचा घ्या, आणि तो स्लॅबला किंवा तुळईला अँकर बोल्टने धरा, फॉल्स सीलिंगच्या पत्र्याला नाही. वरून लटकणारा असावा; जमिनीतल्या खाचेत माती आणि केस भरतात.

एक विसंगती सांगितलीच पाहिजे. रात्री सहाजणच उरले की मालकाला वाटतं, पडदा ओढून त्यांना पाव भागात बसवू, तेवढेच दिवे-पंखे चालतील. वीज वाचते, पण हवाही चौथा भाग झाली. आधी १००० ला पोचायला तास लागत होता, तो आता पंधरा मिनिटांवर आला. म्हणून पल्ल्यांच्या वर छतापर्यंत फूट-दीड फूट मोकळं सोडा, आणि रात्रीचा भाग झरोक्याच्या बाजूचा निवडा. चर्चेचा आवाज त्या फटीतून येणार. पूर्ण शांतता आणि पूर्ण हवा दोन्ही एका पडद्यात मिळत नाहीत. मी हवा निवडेन.

सांगलीचा तळमजला

कृष्णाकाठी इमारतीला आणखी एका गोष्टीसाठी बदलावं लागतं. आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागात, खणभागात तळमजल्यावर अभ्यासिका असेल तर पुलावरचे किती फूट झाले की आपल्या उंबऱ्याला पाणी लागतं हा आकडा भिंतीवर लिहिलेला हवा. जुन्या रहिवाशांना तो तोंडपाठ असतो, विचारून घ्या. त्याच्या पाच फूट आधी काम सुरू करायचं. कोयनेचा विसर्ग वाढला आणि वर पाऊस चालू असला की थांबून बघण्यात अर्थ नसतो.

त्यासाठी सगळं वायरिंग छतातून खाली उतरवा, जमिनीतून वर नको. तळमजल्याचा एमसीबी वेगळा आणि वरच्या मजल्यावरून बंद करता येणारा. सेन्सर, कार्ड आणि मोटरा पिनच्या कनेक्टरने जोडलेल्या, म्हणजे पेचकस न घेता अर्ध्या तासात निघतात. आडोसे प्लायचे नकोत, पाण्यात दोन दिवसांत पापुद्रे सुटतात. लोखंडी चौकटीत सिमेंट बोर्ड घाला, तो धुऊन वाळतो. टेबलं घडीची, दोघांना जिन्यातून नेता येतील अशी. सरकते पल्ले ट्रॅकच्या टोकाला खाच ठेवून तिथून उतरवता यावेत.

उतरवलेलं परत लावताना खरा घोळ होतो. पूर ओसरल्यावर सगळे थकलेले असतात, चिखल काढायचा असतो, आणि झडपा-पल्ले एकमेकांत मिसळलेले. तिसऱ्या खिडकीची झडप पाचव्या चौकटीत मिलिमीटरभर बसत नाही, मग कुणीतरी ती तासतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे फट पडते. दुकानाच्या फळ्यांसारखे प्रत्येक भागावर आणि त्याच्या चौकटीवर एकच क्रमांक घाला. खडूने किंवा मार्करने नको, ते पाण्यात जातं. पटाशीने कोरा.